स्वतः काढलेलं पुस्तक: शोधायचं कुठे, जोखायचं कसं

प्रश्न एका तालुक्याच्या गावातल्या ‘क’ वर्ग वाचनालयाच्या ग्रंथपालांचा आहे. दर महिन्याला कोणी ना कोणी स्वखर्चानं छापलेलं पुस्तक घेऊन त्यांच्या टेबलापाशी येतं. कधी कवितासंग्रह असतो, कधी आत्मकथन, कधी गावाचा इतिहास, कधी रहस्यकथा. यातलं घ्यायचं कोणतं आणि नाकारायचं कोणतं, असं ते विचारतात. जी चांगली पुस्तकं त्यांच्या दारापर्यंत येतच नाहीत ती शोधायची कुठे, हाही प्रश्न आहेच. मी बरीच वर्षं ग्रंथनिवड समितीत आहे आणि हस्तलिखितांचं संपादनही करतो, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट मनात पक्की असू द्या. पुस्तकामागे मोठ्या प्रकाशनाचं नाव नाही, यावरून आतल्या मजकुराबद्दल काहीच कळत नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला. प्रती ५००, किंमत नऊ आणे. महात्मा फुल्यांनी त्याची दखल घेतली, पण पुढे तो वाचकांच्या नजरेआड गेला. साहित्याचे अभ्यासक स. गं. मालशे यांनी तो १९७५ मध्ये पुन्हा छापून आणला तेव्हा मराठी वाचकाला त्याचं मोल कळलं. मधली नव्वदहून अधिक वर्षं फुकट गेली. त्या काळात ही प्रत कुणाच्या तरी कपाटात पडून असणार आणि ती उघडून बघावी असं कुणाला वाटलं नसणार. तुमच्या टेबलावरच्या गठ्ठ्याला हात घालताना एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

बहुतेक पुस्तकं मात्र त्या तोलाची नसतात. म्हणून काहीतरी पद्धत लागते. माझी पद्धत एकाच गोष्टीवर उभी आहे. स्वतंत्रपणे निघालेल्या पुस्तकाला बहुधा संपादक मिळालेला नसतो, त्यामुळे ते वाचताना ते काम आपल्याला करावं लागतं. पुस्तकातले दोष मी दोन ढिगांत टाकतो. पहिल्या ढिगात संपादकाला सहज दुरुस्त करता आले असते असे दोष: ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, तीच गोष्ट दोनदा येणं, लांबलेली प्रकरणं, चुकलेला क्रम. दुसऱ्या ढिगात अशा गोष्टी ज्या कुठलाही संपादक बाहेरून आणून घालू शकत नाही: बघितलेलं नेमकं सांगण्याची सवय, माणसांच्या बोलण्याचा कान, विषयाची खरी जाण. पहिल्या ढिगासाठी मी थोडे गुण कापतो. दुसऱ्या ढिगातलं काही नसेल तर पुस्तक नाकारतो, मग छपाई कितीही देखणी असो.

दोन नमुने मुद्दाम तयार करून देतो. समजा, एसटीतून निवृत्त झालेल्या दोन चालकांची आत्मकथनं आली आहेत. पहिल्यात असं आहे: ‘प्रतिकूल परिस्थितीवर मात करत मी जिद्दीने आणि चिकाटीने सेवा पूर्ण केली. या प्रवासात अनेक चढउतार आले, पण मी कधीही खचलो नाही.’ दुसऱ्यात असं: ‘मुक्कामाची गाडी असली की मी डबा ईंजीनच्या झाकणावर ठेवायचो. गावात पोचे पर्यंत भाकरी गरम रहायची. कंडक्टर आधी हिशोब जूळवायचा मग जेवायचा, म्हणून त्याची भाकरी कायम गार.’ पहिल्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही आणि ते वाक्य कुठल्याही खात्यातल्या कुठल्याही माणसाचं असू शकतं. दुसऱ्यात चारेक चुका आहेत, पण इंजिनाच्या झाकणाची ऊब आणि कंडक्टरचा हिशोब त्या नोकरीत आयुष्य घालवलेल्यालाच सुचतो. मुद्रितशोधक दुसऱ्याच्या चुका अर्ध्या तासात काढील. पहिल्यात काय घालायचं ते मात्र लेखकाखेरीज कुणालाच माहीत नाही. मी दुसरं पुस्तक घेईन.

आता शोधायचं कुठे ते बघू. माझा सगळ्यात भरवशाचा मार्ग दिवाळी अंकांचा आहे. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ मासिकानं १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीतला नवा लेखक बहुधा आधी इथे दिसतो आणि त्याचं पुस्तक मागाहून येतं. वाचनालयात अंक येतातच. ज्या कथेचा लेखक आपल्याला ठाऊक नव्हता आणि तरी कथा शेवटपर्यंत वाचली, त्याचं नाव वहीत टिपून ठेवा. दोन-तीन वर्षांच्या अंकांत तेच नाव पुन्हा भेटलं की त्याचं पुस्तक आलंय का ते शोधा. मोठ्या अंकांपेक्षा जिल्ह्याच्या ठिकाणी निघणाऱ्या अंकांत हे जास्त साधतं.

दुसरा मार्ग सरकारी याद्यांचा आहे. तो उगाच दुर्लक्षित राहतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकाला मदत करते. तिथे हस्तलिखित कुणीतरी वाचून शिफारस केलेली असते, म्हणजे एक चाळणी आधीच लागलेली असते. राज्य वाङ्मय पुरस्कारांत ‘प्रथम प्रकाशन’ असे वेगळे विभाग आहेत. कवितेचा पुरस्कार बहिणाबाई चौधरींच्या नावानं आहे, कादंबरीचा श्री. ना. पेंडसेंच्या आणि ललित गद्याचा ताराबाई शिंद्यांच्या. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून पस्तिशीच्या आतल्या लेखकांना मिळतो. पुरस्कार मिळाला म्हणून पुस्तक थोर ठरत नाही, पण या याद्यांत अनेकदा लहान गावातली, लहान प्रकाशनाची नावं दिसतात आणि ती एरवी तुमच्यापर्यंत आली नसती. इतर पुरस्कारांबाबत एक पथ्य पाळा. मलपृष्ठावर छापलेला पुरस्कार कुणी दिला आणि त्यासाठी प्रवेशशुल्क होतं का, हे लेखकाला सरळ विचारा. शुल्क घेऊन वाटलेल्या सन्मानचिन्हांना निवडीत वजन देऊ नका.

अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात आणि पुण्याच्या पुस्तक महोत्सवात जरूर जा, पण माझ्या मते बोलींची संमेलनं जास्त फळ देतात. झाडीबोली, अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी यांत लिहिणाऱ्या अनेकांची पुस्तकं त्यांच्या जिल्ह्याबाहेरच्या दुकानांत पोचतच नाहीत. विक्रीला ठेवायला वितरक लागतो, वितरक मोठा वाटा मागतो, आणि थोड्याच प्रती छापणाऱ्या लेखकाला तो परवडत नाही. त्यामुळे लेखक स्वतः पिशवीत प्रती घेऊन संमेलनाला येतो. तिथे त्याच्याशी बोलता येतं, पुस्तक चाळता येतं, बिलही मिळतं. जिल्हा ग्रंथालय कार्यालयाच्या ग्रंथोत्सवातही हे साधतं.

बोलीतलं पुस्तक तपासताना प्रमाण मराठीचे नियम लावू नका. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ चे, त्यात १९७२ मध्ये भर पडून ते अठरा झाले. ते प्रमाण लेखनासाठी आहेत. बोलीत बघायचं ते सातत्य. पान वीसवर ‘मले’ म्हणणारी आजी पान ऐंशीवर कारण नसताना ‘मला’ म्हणू लागली, तर लेखकाचा कान पक्का नाही किंवा कुणीतरी मधेच ‘दुरुस्ती’ केली आहे. या दुरुस्तीनं चांगली पुस्तकं बिघडलेली मी पाहिली आहेत.

डिजिटल बाजूला दर ठिकाणाची तऱ्हा वेगळी. बुकगंगा या ऑनलाइन पुस्तकदुकानावर अनेक पुस्तकांची काही पानं आधी वाचायला मिळतात. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकाच्या परवानगीनं मोफत ई-पुस्तकं देतं. प्रतिलिपी या वाचन-लेखनाच्या संकेतस्थळावर २०१४ पासून अनेक भारतीय भाषांतलं लेखन भागाभागांनी येतं. तिथल्या लेखकांचा वाचकाला धरून ठेवण्याचा हात चांगला बसलेला असतो, कारण भाग रंगला नाही तर पुढचा कुणी उघडत नाही. पण तीच मालिका जशीच्या तशी पुस्तकात आली तर प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ओढूनताणून धक्का आणि पुढच्याच्या सुरुवातीला मागच्याची उजळणी उरते. हा पहिल्या ढिगातला दोष आहे. लेखकाला सांगा, तो पुढच्या आवृत्तीत काढू शकतो.

किंडलवर, म्हणजे अमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या सेवेवर, मराठी पुस्तकं २०१६ च्या अखेरीपासून आहेत. परदेशात राहणारे अनेक मराठी लेखक याच वाटेनं येतात, कारण त्यांना इथे छापून गाठोडी पाठवणं जमत नाही. साधारण पहिला दहावा हिस्सा नमुना म्हणून फुकट वाचता येतो, तो वाचाच. दोन गोष्टींकडे लक्ष असू द्या. सदस्यत्वाच्या योजनेत वाचलेल्या पानांवर लेखकाला पैसे मिळतात, त्यामुळे मजकूर ताणण्याचा मोह असतो. आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना अक्षरं मोडतात. रफार भलत्याच अक्षरावर जातो, ‘करणाऱ्या’चं ‘करणार्या’ होतं, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. हे दिसलं म्हणजे लेखकाला मराठी येत नाही असं नव्हे, फाइल कुणी नीट वाचून पाहिली नाही एवढंच. छापील प्रत मागवा, ती अनेकदा स्वच्छ असते.

तारांकित अभिप्रायांवर मी वेळ घालवत नाही. ‘अप्रतिम, प्रत्येकाने वाचावे’ हे नातेवाईकही लिहितात. ज्या अभिप्रायात एखाद्या पात्राचं नाव आहे, एखाद्या प्रकरणाबद्दल तक्रार आहे, तो माणूस पुस्तक वाचून बोलतोय. तेवढेच वाचा.

पुस्तक हातात आलं की मी आधी श्रेयपान बघतो. प्रकाशक म्हणून लेखकाच्याच घरचा पत्ता असेल तर हरकत काहीच नाही. मुद्रितशोधन, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ यांची नावं दिलेली असतील तर कुणीतरी काळजी घेतली असण्याची शक्यता वाढते. आयएसबीएनला अनेकजण शिक्कामोर्तब समजतात, तसं काही नाही. तो १३ अंकी ओळखक्रमांक आहे. आपल्याकडे राजा राममोहन राय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था तो विनामूल्य देते. भारतातले क्रमांक ९७८-८१ किंवा ९७८-९३ नं सुरू होतात. ९७९-८ दिसला तर तो अमेरिकेच्या खात्यातला, बहुधा अमेझॉनवरून मागणीनुसार छापलेल्या प्रतीचा. दर्जाबद्दल यातला एकही आकडा काही सांगत नाही. ‘क्रमांक मिळवून देतो’ म्हणून लेखकाकडून वेगळे पैसे घेणारे भेटतात. तुमच्याकडे येणाऱ्या लेखकाला तो फुकट मिळतो हे आवर्जून सांगा.

मग मी प्रस्तावना आणि मनोगत ओलांडून थेट मधलं पान उघडतो. पहिलं प्रकरण लेखकानं दहादा घोटलेलं असतं, मित्रांनी वाचलेलं असतं. मधे तो एकटा असतो. मधल्या चार-पाच पानांत मी थांबलो, पुढे काय हे बघायला पान उलटलं, तर पुस्तक सुरुवातीपासून वाचतो. प्रस्तावना सगळ्यात शेवटी. प्रस्तावनाकारानं पुस्तकातल्या नेमक्या जागा दाखवल्या आहेत की विषयावर आपलं भाषण केलं आहे, ते तेव्हा चटकन कळतं.

पुढे प्रकाराप्रमाणे कसोटी बदलते. कादंबरीत सगळी माणसं एकाच सुरात बोलतात का, ते ऐका. तलाठी, त्याची म्हातारी आई आणि पुण्याहून आलेला भाचा यांची वाक्यं नाव झाकून ओळखू येत नसतील तर कान कमी आहे. रहस्यकथेत उलगडा झाल्यावर मागे जा आणि धागा आधी दिला होता का ते तपासा. शेवटच्या प्रकरणात नवाच माणूस गुन्हेगार म्हणून आणला असेल तर ती वाचकाची फसवणूक आहे. विज्ञानकथेत एक अशक्य गोष्ट मान्य करतो, तिच्यातून पुढचं सगळं निघालं पाहिजे.

कविता मोठ्यानं वाचा. ओळ जिथे तोडली आहे तिथे आवाजात काही घडतं का, ते बघा. गझल तपासणं तुलनेनं सोपं, कारण तिचे नियम उघड असतात. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, ‘वाट आहे’, ‘लाट आहे’ असं धरलं, तर पुढे प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत ‘आट’ आणि ‘आहे’ हवंच. तिथे ‘वात आहे’ आलं की लेखकाला काफिया, म्हणजे यमकाचा भाग, कळलेला नाही. मात्रा बोटांवर मोजा. पण नियम पाळूनही शेर निर्जीव असू शकतो, तेव्हा ही कसोटी फक्त बाहेरच्या दारापर्यंतची. बालसाहित्य मुलांना वाचून दाखवा आणि कुठल्या पानावर ती चुळबुळ करतात ते पाहा. आरोग्य आणि शेअर बाजाराच्या पुस्तकांबाबत मी कडक आहे. ‘समूळ बरा’ किंवा ‘खात्रीचा परतावा’ असे शब्द दिसले की ते पुस्तक कपाटात जाणार नाही, लेखक ओळखीचा असला तरीही.

स्थानिक इतिहासावर जरा जास्त बोलायला हवं, कारण तालुक्याच्या वाचनालयाची खरी ठेव हीच आहे. हे लेखन बहुतेक वेळा निवृत्त शिक्षक, वकील, ग्रामसेवक करतात, आणि त्यांनी गोळा केलेलं दुसऱ्या कुणाकडे नसतं. तपासायला तारखांपासून सुरुवात करा. शकाचं इसवी सन करताना ७८ मिळवायचे हे सगळ्यांना माहीत असतं. पण १ जानेवारीनंतर आणि पाडव्याआधी येणाऱ्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ ची. नुसते ७८ मिळवले तर १७६० येतं, लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. तुमच्या गावच्या देवळाच्या शिलालेखात माघ किंवा फाल्गुन महिना असेल आणि लेखकानं ७८ मिळवले असतील, तर त्याचं बाकीचं गणितही तपासून घ्या. मोडी कागदांत सुहूर सन ही जुनी कालगणना भेटते, तिथे ५९९ किंवा ६०० मिळवतात. हे हिशेब लेखकानं तळटिपेत दाखवले असतील तर माझा विश्वास एकदम वाढतो.

दुसरं, जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, शेजारी उघडून ठेवा. मुंबई इलाख्याचे खंड जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाले. अनेक ग्रामइतिहासांत त्यांचेच परिच्छेद मराठी करून, नाव न घेता उतरलेले सापडतात. विदर्भ आणि मराठवाडा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते, तिथल्यांनी मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि निजामाच्या राज्याची साधनं पाहिली आहेत का, ते बघा. तिसरं, ऐकीव माहिती कुणाकडून घेतली ते नावानिशी आहे का? ‘जुने लोक सांगतात’ यावर काही उभारता येत नाही. अमक्या आळीतल्या अमक्यांनी अमक्या साली सांगितलं असं असेल, तर पुढचा अभ्यासक ते पडताळून पाहू शकतो. आणि एक सवलत मी नेहमी देतो: पुस्तक आपल्याच तालुक्याबद्दल असेल तर लेखन सुमार असलं तरी एक प्रत ठेवतो. त्यातली वंशावळ, यात्रेचा जुना फोटो, बंद पडलेल्या बाजाराचं वर्णन उद्या कुणाला लागेल ते सांगता येत नाही.

अलीकडे यंत्राकडून (कृत्रिम बुद्धिमत्तेकडून) लिहून घेतलेली पुस्तकंही येऊ लागली आहेत. अमेझॉननं सप्टेंबर २०२३ पासून लेखकांना ते कंपनीला कळवायला सांगितलं आहे, पण वाचकाला ती माहिती दिसत नाही. माझ्या नजरेला ही पुस्तकं अशी ओळखू येतात: प्रत्येक परिच्छेद एकाच लांबीचा, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तोच बोधाचा सूर, ‘हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे’सारखी वाक्यं ओळीनं, आणि दीडशे पानांत एकाही गल्लीचं, झाडाचं, माणसाचं नाव नाही. खात्री नसेल तर लेखकाला चहाला बोलवा आणि पुस्तकातल्या एखाद्या प्रसंगाबद्दल विचारा. ज्यानं लिहिलंय तो पुस्तकात नसलेलंही बरंच सांगतो.

शेवटी व्यवहाराचं. भेट आलेली प्रत वाचण्याआधी दाखल नोंदवहीत चढवू नका. एकदा चढली की काढायला निर्लेखनाची सगळी प्रक्रिया करावी लागते. लेखकाला पोच द्या आणि ‘समिती वाचून महिन्याभरात कळवील’ असं सांगा, आणि तसं खरंच कळवा. पुस्तक चांगलं असेल तर भेटीवर भागवू नका, बिल घेऊन आणखी एक प्रत विकत घ्या. आपलं पुस्तक वाचनालयानं पैसे देऊन घेतलं, याचा नव्या लेखकाला फार आधार वाटतो. नाकारायचं असेल तर ‘जागा नाही’ असं खोटं कारण देऊ नका. पुस्तकातलं जे एक पान जिवंत वाटलं त्याचा क्रमांक सांगा, का आवडलं ते सांगा, आणि बाकीचं त्या पानासारखं का झालं नाही हे दोन वाक्यांत लिहून द्या. असं पत्र घेऊन गेलेले काही लेखक पुढे चांगलं दुसरं पुस्तक घेऊन आले आहेत, आणि ती पुस्तकं आज आमच्याकडे सतत वाचकांच्या घरी असतात.